सणासुदीची नाकाबंदी: कोठे, केव्हा आणि कशासाठी

खानापूर तालुक्यातील एका सार्वजनिक गणेशोत्सव मंडळाच्या सेक्रेटरींनी विचारले आहे की, गणेशोत्सव, शिमगा, गावच्या यात्रा आणि थर्टी फर्स्ट अशा दिवसांत पोलीस दारू पिऊन गाडी चालविणाऱ्यांविरुद्ध ज्या मोहिमा काढतात, त्यांनी अपघात खरोखर कमी होतात की हा नुसता दंडवसुलीचा प्रकार आहे. आणि उपयोग होत असेल, तर बेळगावसारख्या सीमाभागात ही मोहीम कशी असावी. माझी बरीच नोकरी कर्नाटक पोलीस दलाच्या रहदारी विभागात गेली असल्यामुळे मी या प्रश्नाचे उत्तर थोडे विस्ताराने देत आहे. उपयोग होतो, पण तो एका अटीवर होतो. प्यायलेल्या माणसाला आज आपल्याला कोणीतरी अडविणार याची जवळजवळ खात्री वाटली पाहिजे, आणि कोठे व किती वाजता अडविणार हे मात्र त्याला कळता कामा नये. आपल्याकडील बहुतेक मोहिमा या अटीच्या नेमक्या उलट चालतात, म्हणजे जागा आणि वेळ सर्वांना ठाऊक असते आणि पकडले जाण्याची शक्यता मात्र अगदी थोडी असते.

दंडवसुलीची शंका आधी दूर करतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १८५ प्रमाणे शंभर मिलीलिटर रक्तात ३० मिलीग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क असताना वाहन चालविणे किंवा चालविण्याचा प्रयत्न करणे हा गुन्हा आहे. १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा तोच गुन्हा घडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. हेल्मेट किंवा सीटबेल्ट नसल्यास अधिकाऱ्याला जागेवर दंड घेऊन प्रकरण मिटविता येते. त्यासाठी कलम २०० मध्ये गुन्ह्यांची यादी दिलेली आहे आणि त्या यादीत कलम १८५ नाही. म्हणजे हे प्रकरण न्यायालयातच जाते, दंड न्यायाधीशच ठरवितात आणि पैसे न्यायालयातच भरावे लागतात. नाक्यावर कोणी रोख रक्कम घेऊन सोडून देत असेल, तर ती दंडवसुली नव्हे, ती लाच आहे, आणि अशा वेळी पावती मागण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

तीस मिलीग्रॅम म्हणजे नेमके किती, याची कल्पना पिणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना असते. सत्तर किलो वजनाच्या पुरुषाने रिकाम्या पोटी साठ मिलीलिटरचा एक लार्ज घेतला, तर ढोबळ हिशेबाने त्याच्या रक्तातील प्रमाण चाळिशीच्या आसपास जाते. आपल्याकडे एमआरपी दुकानात, म्हणजे छापील किमतीला दारू विकणाऱ्या दुकानात, मिळणारे नव्वद मिलीलिटरचे पाकीट त्याला साठच्या घरात नेते आणि स्ट्राँग बिअरची एक मोठी बाटली त्याच्याही वर. म्हणून नाक्यावर हमखास ऐकू येणारे ‘साहेब, एकच घेतली’ हे वाक्य बऱ्याचदा खरे असते आणि तरीही तो माणूस मर्यादेबाहेर असतो.

याहून कमी लोकांना ठाऊक असलेली गोष्ट म्हणजे शरीरातून मद्यार्क उतरण्याचा वेग. तो साधारणपणे शंभर मिलीलिटर रक्तामागे ताशी १० ते २० मिलीग्रॅम इतकाच असतो. ताक, लिंबूपाणी, कडक कॉफी किंवा थंड पाण्याची अंघोळ यांनी माणसाला तरतरी वाटेल, पण रक्तातील आकडा त्यामुळे लवकर खाली येत नाही. रात्री बारापर्यंत दोन क्वार्टर रिचवलेला माणूस झोप काढून सकाळी सात-आठ वाजता वडापची, म्हणजे खासगी प्रवासी वाहतुकीची, क्रुझर घेऊन निघतो, तेव्हाही तो मर्यादेच्या दोन-तीन पट वर असू शकतो, आणि त्याला स्वतःला आपण अगदी शुद्धीवर आहोत असे प्रामाणिकपणे वाटत असते. एवढे असूनही १ जानेवारीच्या किंवा विसर्जनानंतरच्या सकाळी श्वासचाचणीचे मशीन घेऊन उभा असलेला पोलीस क्वचितच दिसतो, कारण रात्रभर जागलेला कर्मचारीवर्ग पहाटे घरी गेलेला असतो. माझे मत विचाराल, तर रात्रीच्या नाकाबंदीतील एक तुकडी वाचवून ती सकाळी सहा ते नऊ या वेळेत वडाप, शाळेच्या गाड्या आणि मालवाहू टेंपो यांच्यासाठी लावणे जास्त फायद्याचे आहे.

आता दिवसांकडे वळू. ३१ डिसेंबरला बेळगावात सगळे बळ रस्त्यावर असते. कॅम्प भागात सरत्या वर्षाचे प्रतीक म्हणून ओल्ड मॅनच्या प्रतिकृती जळत असतात, हॉटेलांवर पोलिसांची नजर असते, चौकाचौकांत बॅरिकेड असतात, आणि वर्तमानपत्रांतून आठवडाभर आधी इशारेही छापून आलेले असतात. त्या रात्री शहरात प्यायलेला शहाणा माणूस रिक्षा करतो किंवा मित्राकडेच मुक्काम टाकतो, आणि याचे श्रेय मोहिमेला दिलेच पाहिजे. पण सरकारी सुट्ट्यांच्या यादीत नसलेले दिवस मोहिमेच्या यादीतही नसतात. आषाढ अमावास्येची गटारी, पावसाळ्यातले आंबोलीचे रविवार, राकसकोप किंवा हिडकल धरणाच्या काठावरच्या पार्ट्या, आणि वर्षाचे आठ महिने कोठे ना कोठे चालू असणाऱ्या गावच्या लक्ष्मी यात्रा हे ते दिवस. यात्रेला आलेला पाहुणा मटणाचे जेवण आणि त्यासोबतचे सगळे आटोपून रात्री दहा-अकराला मोटारसायकलवर पुढे एक मूल आणि मागे बायकोच्या मांडीवर दुसरे अशा अवस्थेत परत निघतो. रस्ता ओळखीचा, अंतर पाच-सात किलोमीटर, हेल्मेट घरी. याच काळात, म्हणजे साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत, ऊसाचा हंगामही असतो, आणि दोन ट्रॉल्यांचा भरलेला ट्रॅक्टर, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, अशा स्थितीत त्याच रस्त्याने कारखान्याकडे चाललेला असतो. दारूने माणसाची नजर आणि ब्रेकवरची प्रतिक्रिया दोन्ही मंदावतात. शुद्धीवरचा माणूस ज्या ट्रॉलीला अखेरच्या क्षणी चुकवतो, तिच्यावर प्यायलेला सरळ जाऊन आदळतो. त्यामुळे हंगामाच्या सुरुवातीला कारखान्यांच्या वजनकाट्यावर उभे राहून ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर पट्ट्या चिकटविणे हे काम मी मद्यपानविरोधी मोहिमेचाच भाग मानतो, जरी त्यात एकही केस होत नसली तरी.

सीमाभागाचा प्रश्न मात्र वेगळा आहे आणि तो बंगळूर किंवा मुंबईच्या नमुन्यावर सुटत नाही. मोठ्या शहरात पिण्याची जागा आणि राहण्याची जागा एकाच पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत असते. आपल्याकडे पिण्याची जागा एका राज्यात, घर दुसऱ्या राज्यात आणि मधला रस्ता तीन पोलीस स्थानकांच्या हद्दीतून जाणारा असतो. हिंडलगा, सुळगा, तुरमुरी, बाची ओलांडले की शिनोळीपासून चंदगड तालुका आणि कोल्हापूर जिल्हा सुरू होतो, आणि तोच रस्ता पुढे आंबोलीला जातो. पिरनवाडीहून किणये, जांबोटी, कणकुंबीमार्गे चोर्ला घाट उतरला की गोवा. खानापूरहून लोंढा आणि मग उत्तर कन्नड जिल्ह्यातील रामनगर, अनमोड असे गेले तरी गोवाच. उत्तरेला राष्ट्रीय महामार्ग ४८ वर निपाणीच्या पुढे कोगनोळी आणि पलीकडे कागल, संकेश्वरहून गडहिंग्लज, कागवाडहून म्हैसाळ आणि मिरज. अबकारी कराच्या फरकामुळे गोव्यात दारू स्वस्त मिळते, त्यामुळे जोडून सुट्ट्या आल्या की चोर्ला घाटातून परत येणाऱ्या गाड्यांत बाटल्याही असतात आणि त्या रिकाम्या करीत आलेले प्रवासीही असतात. कणकुंबीच्या बाजूला अबकारी खात्याची तपासणी होते, पण त्या तपासणीचे लक्ष डिकीतील मालावर असते, स्टेअरिंगवरच्या माणसावर नसते. दोन्ही खात्यांनी एकाच ठिकाणी उभे राहावे, अबकारीवाल्यांनी डिकी पाहावी आणि पोलिसांनी चालक पाहावा, एवढी साधी व्यवस्थाही नियमितपणे होत नाही.

ड्राय डेचा परिणाम तर अनेकदा हेतूच्या उलट होतो. विसर्जन मिरवणूक, शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक किंवा मतदान अशा प्रसंगी बेळगावात दारू दुकाने बंद ठेवण्याचा आदेश निघतो. मिरवणुकीतील शांततेच्या दृष्टीने तो योग्यच आहे आणि मी त्याच्या विरोधात नाही. पण एका बाजूची दुकाने बंद आणि सीमेपलीकडची उघडी असली, तर ज्याला प्यायचीच आहे तो घरात बसत नाही. तो गाडी काढतो, पंधरा-वीस किलोमीटर जातो आणि पिऊन तेवढेच अंतर परत येतो. उलट बाजूनेही तेच घडते. आषाढी एकादशीला महाराष्ट्रात ड्राय डे असतो, कर्नाटकात नसतो, तेव्हा कागल आणि चंदगडकडची मंडळी आपल्या बाजूला येतात. म्हणून ड्राय डेच्या दिवशी नाकाबंदी शहराच्या मध्यभागी न ठेवता सीमेवरून परत येणाऱ्या रस्त्यांवर ठेवली पाहिजे आणि त्याची कल्पना पलीकडच्या पोलीस ठाण्याला आधी दिली पाहिजे. सीमा ओलांडली की पोलीस मागे येत नाहीत असा एक समज तरुणांत आहे, तो अशा संयुक्त नाकाबंदीनेच मोडतो. निवडणुकीच्या काळात दोन्ही राज्यांच्या अधिकाऱ्यांच्या समन्वय बैठका होतात, संयुक्त तपासणी नाकेही उभे राहतात; तीच यंत्रणा गणेशोत्सवात आणि वर्षअखेरीला वापरण्यात कायद्याची कोणतीही अडचण नाही.

नाका कसा लावावा यावर थोडे लिहितो, कारण मोहिमेचे यश किंवा अपयश बरेचसे येथेच ठरते. जागा वळणाच्या लगेच पुढे नसावी, तेथे वेगात आलेली गाडी पोलिसांनाच उडवते. ती सरळ आणि उजेडाच्या टप्प्यात असावी, बॅरिकेड नागमोडी लावलेले असावेत म्हणजे गाडी आपोआप हळू होते, आणि बाजूला दहा-बारा गाड्या उभ्या करता येतील एवढी मोकळी जागा असावी. अलीकडे शंभर-दोनशे मीटरवर साध्या उजेडात दोन कर्मचारी उभे करावेत, कारण नाका दिसताच यू-टर्न घेणारा दुचाकीस्वार हाच बहुधा आपल्याला हवा असलेला माणूस असतो. अशा माणसाचा पाठलाग करू नये, त्याच्या गाडीसमोर उडी मारू नये, किल्ली हिसकावू नये. दहा हजारांच्या केससाठी त्याचा किंवा हवालदाराचा जीव जाण्यापेक्षा नंबर टिपून घेणे आणि पुढच्या बिंदूला वायरलेसवर कळविणे पुरेसे असते. नाका एका जागी तास-दीड तासाहून जास्त ठेवू नये. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर ‘गोगटे सर्कलला मामा उभे आहेत’ हा निरोप दहा मिनिटांत फिरतो आणि त्यानंतर तेथून फक्त न प्यायलेले लोक जातात. पण तीच तुकडी तासाभराने हलून खानापूर रोडवर, तेथून मच्छेच्या बाजूला गेली, की तो निरोप फसवा ठरतो. ग्रुपवरच्या माहितीवर भरवसा ठेवता येत नाही हे एकदा लोकांना कळले, की जिथे पोलीस नाहीत तिथेही ते असतील असे धरून माणूस वागू लागतो, आणि मनुष्यबळ कमी असलेल्या जिल्ह्याला हाच परिणाम सर्वांत जास्त हवा असतो.

कायदा सरसकट प्रत्येक चालकाला फुंकायला लावण्याची मुभा स्पष्टपणे देत नाही. कलम २०३ प्रमाणे गणवेशातील अधिकाऱ्याला वाजवी संशय असला पाहिजे. व्यवहारात ही अडचण फार मोठी नाही, कारण कलम १३० खाली गणवेशातील पोलीस परवाना पाहण्यासाठी गाडी थांबवू शकतो, आणि काच खाली झाल्यावर वास, बोलणे, डोळे, परवाना शोधताना चाचपडणारे हात यांवरून संशयाला आधार मिळतो. पुष्कळ मशीनमध्ये नळीशिवाय तोंडासमोर धरून घेण्याची प्राथमिक चाचणीही असते. पण तिच्यावर केस करू नये, कारण मागच्या सीटवरचे चौघे प्यायलेले असले, तर बंद गाडीतली हवाही ते मशीन पकडते आणि शुद्धीवर असलेला बिचारा चालक उगाच अडकतो. खरी चाचणी नवी नळी पाकिटातून त्याच्यासमोर काढून, मशीन शून्य दाखवीत असल्याचे त्याला दाखवून, मग करायची. नुकताच घोट घेतलेला असेल किंवा माउथवॉश वापरला असेल, तर तोंडातील मद्यार्कामुळे आकडा खोटा वाढतो, म्हणून पंधरा मिनिटे थांबून दुसरी चाचणी घ्यावी. मशीनमधून निघणाऱ्या चिठ्ठीवर अनुक्रमांक, तारीख, वेळ आणि आकडा छापून येतो. तिच्यावर चालकाची सही घ्यायची. ही चिठ्ठी चालकाला जशी संरक्षण देते तशीच प्रामाणिक पीएसआयलाही देते. नाक्यावर पुढाऱ्याचा फोन येतोच, आणि ‘साहेब, मशीनमध्ये नोंद झाली आहे, मधला नंबर गहाळ दिसेल’ एवढे एक वाक्य त्या फोनला पुरे पडते.

यात्रेहून परतणाऱ्या त्या कुटुंबाचे काय करायचे, हा प्रश्न नव्या कर्मचाऱ्यांना नेहमी पडतो. बायको आणि दोन मुले रस्त्यावर उभी ठेवून नवऱ्याला स्थानकात नेणे योग्य नाही, आणि मुले आहेत म्हणून त्याला सोडून देणे तर त्याहून अयोग्य, कारण मुले गाडीवर आहेत हेच तर त्याला अडविण्याचे सर्वांत मोठे कारण आहे. आधी घरच्या कोणाला तरी फोन लावायचा, जवळच्या गावातील रिक्षा बोलवायची, आई-मुलांना पाठवून द्यायचे, गाडी स्थानकात लावायची आणि मग कागदपत्रे करायची. यात अर्धा-पाऊण तास जातो आणि तेवढ्यात चार गाड्या निसटतात, हे खरे आहे. तरीही हीच पद्धत बरोबर आहे, कारण दुसऱ्या दिवशी गावात चर्चा त्या दंडाची होते तशीच पोलीस कसे वागले याचीही होते.

कागदपत्रांत केस बहुतेक वेळा दोन ठिकाणी पडते. कलम १८५ खाली वॉरंटाशिवाय अटक केलेल्या माणसाची कलम २०२ प्रमाणे दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी व्हावी लागते, नाहीतर त्याला सोडून द्यावे लागते. शहरात जिल्हा रुग्णालय हाताशी असते. कणकुंबीच्या जंगलपट्ट्यात रात्री एक वाजता पकडलेल्या माणसाला खानापूरला आणून डॉक्टरांपुढे उभे करायचे, तर घड्याळ फार वेगाने पळते. म्हणून अशा ठिकाणी नाका लावण्यापूर्वी जवळच्या सरकारी दवाखान्यात त्या रात्री डॉक्टर आहेत याची खात्री करणे हे बॅरिकेड मागविण्याइतकेच आवश्यक आहे. रक्ताचा नमुना घेताना कातडी स्पिरिटच्या बोळ्याने पुसू नये, नमुना सोडियम फ्लोराइड असलेल्या बाटलीतच घ्यावा आणि सील करून बेळगावच्या प्रादेशिक न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे विनाविलंब पाठवावा. नमुना नुसता टेबलावर पडून राहिला, तर बचावाचे वकील त्या आकड्याची चिरफाड करतात आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही. जो फुंकायला नकार देतो त्याला आपण सुटलो असे वाटते, पण वाजवी कारण नसताना दिलेला नकार कलम २०५ खाली त्याच्याविरुद्धच्या पुराव्याला पूरक ठरू शकतो. आणखी एक गोष्ट केवळ आपल्या भागातली आहे. नोटीस आणि पंचनामा कन्नडमध्ये असतो, सही करणारा अनेकदा फक्त मराठी वाचणारा असतो. मजकूर त्याला मराठीत वाचून दाखविला आणि तशी नोंद केली, तर ‘मला काही कळले नाही, कोऱ्या कागदावर सही घेतली’ ही तक्रार पुढे उभी राहत नाही. सीमाभागात काम करणारे बहुतेक हवालदार दोन्ही भाषा बोलतात; प्रश्न फक्त दोन मिनिटे काढण्याचा असतो.

परवान्याच्या बाबतीत कायदा दंडापेक्षा कडक आहे आणि पोलिसांनी तो जास्त वापरायला हवा. कलम २०६ प्रमाणे अधिकारी परवाना जप्त करून आरटीओकडे पाठवू शकतो, आणि कलम १९ खाली पहिल्या वेळी तीन महिन्यांचे निलंबन होऊ शकते. ट्रक किंवा क्रुझर चालवून पोट भरणाऱ्याला दहा हजारांपेक्षा या तीन महिन्यांची भीती अधिक असते. एमएच ०९ म्हणजे कोल्हापूरच्या किंवा गोव्याच्या परवान्याचे प्रकरण पूर्वी टपालात हरवत असे; आता परवान्यांची नोंद संगणकीय असल्यामुळे ती सबब उरलेली नाही.

मोहिमेचे मोजमाप कसे करावे, यावर माझे वरिष्ठांशी नेहमी मतभेद होत असत. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत ‘इतक्या जणांवर कारवाई’ हा आकडा छापून येतो आणि तो मोठा असला की मोहीम यशस्वी मानली जाते. वास्तविक किती जणांना तपासले आणि त्यांपैकी किती मर्यादेबाहेर होते, हे प्रमाण पाहिले पाहिजे. तपासलेल्यांची संख्या वाढत जाऊन सापडणाऱ्यांचे प्रमाण घटत गेले, तर मोहीम यशस्वी. १९८२ च्या डिसेंबरात ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याने ऐन नाताळाच्या तोंडावर संशयाची अट न ठेवता कोणाही चालकाची श्वासचाचणी सुरू केली, तिचा गाभा हाच होता. चाचण्या प्रचंड संख्येने, सर्वांना दिसतील अशा आणि वर्षभर केल्या गेल्या, आणि जीवघेणे अपघात लक्षणीय घटले. आपल्या कायद्यात ती सरसकट मुभा नसली, तरी परवाना तपासणीच्या निमित्ताने जास्तीत जास्त गाड्या थांबविणे आपल्या हातात आहे.

सरकारी आकड्यांवर विसंबून कोणी म्हणेल की दारूमुळे होणारे अपघात थोडेच आहेत. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली, आणि त्यांत दारू किंवा अमली पदार्थांच्या रकान्यात दोन-तीन टक्क्यांच्या आसपासच अपघात दिसतात, तर अतिवेगाच्या रकान्यात सत्तर टक्क्यांहून जास्त. या आकड्यामागे काय घडते, ते मी पाहिलेले आहे. प्यायलेला माणूस बहुधा वेगातही असतो, आणि नोंदीत एकच मुख्य कारण लिहायचे असल्यामुळे ‘अतिवेग व हयगय’ लिहून कागद पुढे जातो. जखमी चालक रुग्णालयात आला, की डॉक्टर एमएलसीमध्ये, म्हणजे पोलिसी प्रकरणाच्या वैद्यकीय नोंदीत, फार तर तोंडाला वास येत असल्याचे लिहितात. रक्ताचा नमुना मागणारे पत्र पोलिसांकडून वेळेवर गेलेले नसते. शिवाय नातेवाईक हात जोडून विनवतात की दारूचा उल्लेख करू नका, विमा बुडेल. त्यांची भीती खरी असते, कारण गाडीच्या नुकसानीचा दावा विमा कंपनी नाकारते आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १५० खाली दारूच्या अमलाचा बचावही तिला मिळाला आहे. पण त्या दयेपायी आपल्या जिल्ह्यात कोणत्या रस्त्यावर, कोणत्या वाराला, कोणत्या वेळी दारूमुळे माणसे मरतात याचा नकाशाच तयार होत नाही, आणि मग नाका पुन्हा सवयीच्याच चौकात लागतो. अपघातातील जखमी आणि मृत अशा प्रत्येक चालकाच्या रक्ताची तपासणी झाली, तर पुढच्या वर्षीचा बंदोबस्त आखणे कितीतरी सोपे होईल.

शेवटी आपल्या मंडळापुरते. गणेशोत्सवात पोलिसांची खरी अडचण अशी असते की विसर्जनाच्या रात्री सगळे मनुष्यबळ बंदोबस्ताला गुंतलेले असते. बेळगाव शहराची मिरवणूक दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालते, कपिलेश्वर तलावाच्या परिसरात शेकडो कर्मचारी उभे असतात, आणि त्याच वेळी मिरवणूक पाहून खानापूर, चंदगड, हुक्केरीकडे परतणाऱ्यांच्या रस्त्यांवर कोणीच नसते. गावच्या मिरवणुकीत तर बंदोबस्ताला दोन होमगार्ड आणि एक हवालदार असला तरी पुष्कळ. अशा वेळी सर्वांत धोक्याची जागा म्हणजे डॉल्बी आणि मूर्ती वाहून नेणाऱ्या ट्रॅक्टरची सीट. पुढे नाचणारी पोरे, मागे बायका-मुले, उतार, आवाजामुळे हाक ऐकू न येणे, आणि चालकाला दर चौकात कोणीतरी ग्लास पुढे करणारा. उत्सवापूर्वी पोलीस स्थानकात शांतता समितीची बैठक होते. त्या बैठकीत ट्रॅक्टरच्या चालकाचे आणि एका राखीव चालकाचे नाव, परवान्याच्या झेरॉक्ससह, लेखी द्या. मिरवणूक निघताना हवालदाराकडून दोघांची श्वासचाचणी करून घ्या आणि मध्यरात्री पुन्हा एकदा करण्याची विनंती करा. मशीन उपलब्ध नसेल, तर बैठकीतच त्याची मागणी नोंदवा, म्हणजे ते पुरविण्याची जबाबदारी स्थानकावर येते. चालकाच्या शेजारी मडगार्डवर कोणालाही बसू देऊ नका. त्याऐवजी पुढच्या दोन्ही चाकांच्या बाजूला दोरी धरून चालणारे न पिणारे चार कार्यकर्ते नेमा. चालकाला जेवण आणि चहा वेळेवर देण्याचे काम कोणा एकाच्या नावावर टाका, कारण उपाशी आणि कंटाळलेला चालकच तो पुढे आलेला ग्लास घेतो. विसर्जन आटोपल्यावर रिकामा ट्रॅक्टर परत नेताना त्यात पोरांना भरू नका आणि तो राखीव चालकाकडेच द्या, कारण तोपर्यंत पहिला चालक प्यायलेला नसला तरी रात्रभर जागलेला असतोच.